‘जेवलास का?’च्या पुढचा प्रश्न

पावसाळा लागला की इंदूरच्या सरवटे बस स्टँडवर गाद्यांच्या वळकट्या दिसायला लागतात. खरगोन, बडवानी, धार, झाबुआ, बुऱ्हाणपूरकडून मुलं येतात. बरोबर वडील असतात, नाहीतर एखादा काका. भंवरकुआच्या गल्ल्यांतल्या ‘कमरा किराये से देना है’च्या पाट्या पटापट उतरतात. महिन्याभरात मुलं रस्ते शिकतात, पोह्यांवर जिरावण, म्हणजे इथला चटपटीत मसाला, मागून घ्यायला शिकतात, एकमेकांना ‘भिया’ म्हणायला लागतात. शहर त्यांना सहज सामावून घेतं, पण ओळखत मात्र त्यांना कुणी नसतं.

ओळखणं म्हणजे नाव ठाऊक असणं नव्हे. हा मुलगा एरवी किती बोलतो, किती जेवतो, कसा हसतो, बाकावर कुठे बसतो, हे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. घरी आईला ते असतं, म्हणून ‘आज हा गप्प का?’ असं तिला विचारता येतं. इथे पहिल्या वर्षाच्या वर्गात मुलगा गप्प बसला तर तो मुळातच अबोल आहे की कालपरवापासून अबोल झालाय, हे कुणाला सांगता येणार? कॉलेजातल्या मुलाला आधाराची गरज आहे हे ओळखण्यातली पहिली अडचण ही आहे, आणि तिच्यावर लक्षणांची कुठलीही यादी पुरी पडत नाही. लक्षण म्हणून पाहायचा असतो तो बदल. बदल कळायला आधीचा माणूस माहीत हवा.

मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. व्याख्यानाच्या वर्गात मला चेहरे दिसतात, प्रयोगशाळेत हात दिसतात. सलग काही तास एकाच टेबलाशी उभं राहून काम करणाऱ्या मुलाचं पुष्कळ काही कळतं. ब्युरेट कोण धुऊन ठेवतं, कोण शेजाऱ्याचं रीडिंग उतरवतं, कुणाला चूक झालेली सहन होत नाही, कोण घाबरून पिपेट तोंडाजवळ नेतं. म्हणून मला वाटतं की पहिले दोन महिने शिक्षकाने मुलांना शिकवण्याइतकंच त्यांच्याकडे पाहण्यात घालवावेत.

बुऱ्हाणपूरकडचा एक मुलगा होता. त्याला विचारूनच हे लिहिते आहे आणि त्याची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची. त्याची प्रॅक्टिकलची फाइल मला आवडायची. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याचं प्रमाण मोजताना, घेतलेली रीडिंग्ज एकमेकांशी जुळावी लागतात, तीही तीन, म्हणून बहुतेक मुलं पहिलं रीडिंग घेतात आणि उरलेली दोन त्यावर बेतून लिहून टाकतात. हा तसं करत नसे. १८.४, मग १८.७, मग १८.७च्या अंकावर एक सरळ रेघ आणि शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात, ‘थेंब जास्त पडला’. मग पुन्हा एक रीडिंग. अशी फाइल तपासताना समोर बसलेला माणूस वाचता येतो.

दिवाळीच्या सुटीनंतर त्या फाइलमध्ये तिन्ही रीडिंग्ज सारखी यायला लागली. १८.५, १८.५, १८.५. पेन्सिल दिसेनाशी झाली. पुढच्या प्रयोगाला फक्त तारीख आणि उद्दिष्ट लिहिलेलं, खाली तक्ता आखलेला आणि रिकामा. त्याच्या पुढचं पान कोरं. हजेरी मात्र पूर्ण होती. तो येत होता, ठरलेल्या टेबलाशी उभा राहत होता, पार्टनर काम करायचा आणि हा ब्युरेटच्या स्टँडला धरून उभा. कुणी हाक मारली की हसायचा. एकही नियम मोडला नव्हता, म्हणून कॉलेजच्या कुठल्याही रजिस्टरात त्याचं नाव आलं नसतं.

रडणारं, भांडणारं, वर्गात झोपणारं मूल सगळ्यांना दिसतं. पण आतून खचत चाललेली बरीच मुलं शिस्तीत वागत असतात. काही तर आणखी जास्त विनोद करायला लागतात, म्हणून मित्रांना शंकाही येत नाही. काहींचे मार्क शेवटपर्यंत टिकून असतात, कारण मार्क ही एकच गोष्ट त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली असते. बाकीचं सगळं सुटलेलं असतं: आंघोळ, केस कापणं, मैदानावर जाणं, घरी स्वतःहून फोन करणं. हुशार मुलीच्या बाबतीत तर ‘अभ्यास फार करते हो’ एवढ्यावर सगळे समाधान मानतात. रात्रभर जागते आहे हे कौतुकाने सांगितलं जातं. ती जागते आहे की तिला झोपच येत नाही, हे विचारायला हवं.

आपल्याकडे मनाची तक्रार बहुधा शरीराच्या दारातून येते. ‘उदास वाटतं’ असं अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणणार नाही. त्याचं डोकं दुखतं, ॲसिडिटी होते, छातीत धडधडतं, केस गळतात. तो मेडिकलमधून गोळ्या आणतो, घरून सल्ला येतो की बाहेरचं खाऊ नकोस. पोट कधीकधी खरंच बाहेरच्या खाण्यानेच बिघडलेलं असतं. पण तीच तक्रार पुनःपुन्हा येत असेल आणि सोबत झोप बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीतला जीव गेला असेल, तर पोटापाशी थांबू नये. मन सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ खाली राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टर त्याकडे नैराश्याच्या दृष्टीने पाहतात. परीक्षेच्या आधीचा ताण परीक्षा संपल्यावर उतरतो. न उतरणारा ताण वेगळा. आणि मानसिक आजारांतला मोठा हिस्सा सुरू होतो तो नेमका याच वयात, म्हणजे मूल घराबाहेर पडतं त्या सुमारास.

आमच्या शेजारच्या काकू मुलांना डबे देतात. पंधरा-वीस खोल्यांवर त्यांचा डबा जातो, संध्याकाळी रिकामे डबे परत येतात. अमुक मुलगा वांगं खात नाही, तमकी मुलगी दोन पोळ्यांच्या वर घेत नाही, हे त्यांना तोंडपाठ. एकदा मला म्हणाल्या, ‘अगं, त्या कोपऱ्यातल्या मुलीचा डबा आठवडाभर भरलेला परत येऊन राहिलाय. भाजी बदलून पाहिली, तरी तसाच. विचारलं तर म्हणते, काकू, भूक नव्हती.’ त्या तिथेच थांबल्या नाहीत. डबा पोचवणाऱ्या मुलाला न पाठवता त्या दिवशी स्वतः डबा घेऊन गेल्या आणि तिच्या खोलीत बसल्या. मुलीची एका विषयात सप्लिमेंटरी, म्हणजे फेरपरीक्षा, आली होती आणि तिने घरी सांगितलंच नव्हतं. घरी ताईच्या लग्नाची तयारी चालू होती. ‘आत्ता त्यांना हे कसं सांगू?’ असं म्हणून ती एकटीच ते घेऊन बसली होती. काकूंनी तिला उपदेश केला नाही. आधी जेवायला घातलं, मग तिच्यासमोरच आईला फोन लावला. आई ओरडेल असं मुलीला वाटत होतं. आई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने इंदूरला आली.

मला काकूंचं फार कौतुक वाटतं. मानसशास्त्रातलं एक अक्षर न शिकता त्यांनी नेमकं जे करायचं तेच केलं. त्यांच्याजागी हॉस्टेलचा वॉर्डन असू शकतो, लायब्ररीतला शिपाई, झेरॉक्सवाला, खोलीचा मालक, रूम पार्टनर. आईवडील लांब असतात, त्यांच्या हाती रोजचा एक फोन असतो. त्या फोनवर ‘जेवलास का?’ असं विचारलं जातं आणि ‘हो’ असं उत्तर मिळतं. त्या ‘हो’मागचा भरलेला डबा त्यांना दिसणार कसा? ज्याला दिसतो, त्याचं काम वाढतं, एवढं खरं.

कारणं शोधायला गेलं तर बऱ्याचदा ती फार मोठी नसतात, निदान बाहेरून पाहणाऱ्याला. माझ्या त्या विद्यार्थ्याचं पहिलं कारण भाषा. बारावीपर्यंत ‘अनुमापन’ शिकलेल्या मुलासमोर एकदम ‘टायट्रेशन’ येतं, व्याख्यान इंग्रजीत होतं, पुस्तक इंग्रजीत, आणि शेजारचा मुलगा खांदे उडवून ‘इझी है यार’ म्हणतो. शाळेत पहिला आलेल्या मुलाला आयुष्यात प्रथमच कळत नाहीये, आणि कळत नाहीये हे सांगायचं कसं तेही कळत नाहीये. निमाडातून, झाबुआ-बडवानीच्या आदिवासी पाड्यांतून येणाऱ्या मुलांच्या वाट्याला याच्या जोडीला टोमणे येतात, आडनावावरून, उच्चारांवरून. कुणाची शिष्यवृत्ती वेळेवर खात्यात येत नाही आणि खोलीचं भाडं थकतं. कुणाचं मन दुसऱ्याच विषयात असतं. प्रेमभंगाला तर मोठी माणसं कारण मानायलाच तयार नसतात. मी मानते. एकोणिसाव्या वर्षी ते सबंध आयुष्याएवढं असतं, त्याला ‘हे वयच असं’ म्हणून हातावेगळं करणं क्रूरपणाचं आहे.

विचारायचं कसं, हे शिकता येतं. स्टाफरूममध्ये चार जणांसमोर बोलावून विचारलं तर उत्तर ‘काही नाही मॅम’ हेच येणार. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी एके दिवशी प्रयोगशाळा आवरायला थांबवून घेतलं. काचेची भांडी पुसताना माणूस डोळ्यांत पाहत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. मी निदान केलं नाही, ‘तू डिप्रेस्ड दिसतोस’ असं म्हटलं नाही. मी पाहिलं होतं तेवढंच सांगितलं.

‘तू रीडिंग खोडून पेन्सिलीने कारण लिहायचास. दिवाळीपासून ते थांबलंय. मागचं पान तर कोरंच आहे. मला काळजी वाटते रे. काय चाललंय?’

‘काही नाही मॅम. बस, असंच.’

मी पुढे काही बोलले नाही. बोलायचा मोह फार होतो, शिक्षकांना तर जास्तच. त्याने आणखी दोन बीकर पुसून ठेवले. मग म्हणाला, ‘झोप नाही येत. सकाळी उठावंसं वाटत नाही. रूम पार्टनर ओढून आणतो, म्हणून येतो.’

यावर ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. ‘अमक्याचा मुलगा बघ, वडील नाहीत, तरी कसा शिकतोय’ हे तर त्याहून वाईट, कारण मुलाने ती तुलना स्वतःशी आधीच शंभरदा केलेली असते. मी विचारलं, ‘कधीपासून?’ त्याने सांगितलं. मग बोलता बोलता तो म्हणाला, ‘मी नसतो तर घरच्यांचा पैसा तरी वाचला असता.’

असं वाक्य कानांवर पडलं की ते बोलण्याच्या ओघात वाहून जाऊ द्यायचं नाही. सरळ विचारायचं, आणि मी विचारलं: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’

असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, ही भीती फार लोकांना वाटते. तसं होत नाही. या विषयात काम करणारे तज्ज्ञ पुनःपुन्हा सांगतात की सरळ, शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही. बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, कारण ज्याचा उच्चारही पाप, ते कुणीतरी न दचकता उच्चारलेलं असतं. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्नही विचारावेत: काही ठरवलंयस का? कसं, कधी? ठरवलेलं असेल, साधन हाताशी असेल, तर त्या क्षणापासून त्याला एकटं सोडायचं नाही, साधन त्याच्यापासून दूर करायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मी सांगणार, पण तुला आधी सांगून, तुझ्यासमोर’ असं म्हणावं. ही गोष्ट मुलं मान्य करतात.

आणखी एक खूण सांगून ठेवते, कारण ती उलटी वाचली जाते. कितीतरी दिवस अस्वस्थ असलेलं मूल अचानक शांत, मोकळं दिसायला लागलं, आपलं घड्याळ, पुस्तकं, आवडीचा शर्ट वाटून टाकायला लागलं, जुन्या मित्रांना फोन करून माफी मागायला लागलं, तर ‘चला, सावरला’ असं समजून निर्धास्त होऊ नये. त्याच रात्री त्याच्याजवळ कुणीतरी असावं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशातल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा आकडा १३,०४४ आहे. दिवसाला ३५हून जास्त. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायला हवं, कारण आपल्याकडे अजून पुष्कळ घरं आणि काही कॉलेजंही पोलिसांच्या धाकाने गप्प राहतात. तो धाक आता बाळगायचं कारण नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, लागू झाला मे २०१८ मध्ये. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा करायची नसते, आणि तिची काळजी घेण्याची, उपचारांची जबाबदारी सरकारवर येते. कायदा काळजीचा आहे हे मुलांना आणि पालकांना सांगायला हवं.

माझ्या विद्यार्थ्याने मनात येतं म्हणून सांगितलं, ठरवलेलं मात्र काही नव्हतं. त्याच्या रूम पार्टनरला बोलावून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं एमवायच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, ओपीडीत गेलो. मानसोपचार म्हटलं की इंदूरच्या लोकांच्या डोळ्यांसमोर बाणगंगेचं मनोरुग्णालय उभं राहतं आणि पाऊल मागे जातं. मुलांना सांगावं लागतं की हा दवाखाना इतर दवाखान्यांसारखाच आहे, चिठ्ठी काढायची, नंबर लावायचा, डॉक्टरांशी बोलायचं. जायला मन धजत नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे: १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं. मुलाची काळजी वाटणाऱ्या मित्राने किंवा घरमालकाने फोन केला तरी चालतो. जिवाचा धोका समोर दिसत असेल तर ११२ हा आपत्कालीन नंबर.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरातल्या शिक्षणसंस्थांना निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, वर्षातून किमान दोनदा शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण हवं, टेलिमानसचा नंबर हॉस्टेलांत, वर्गांत ठळक लावलेला हवा. पालकांनी प्रवेश घेताना वाय-फाय आणि मेसबद्दल विचारतात तसंच समुपदेशक कोण, कुठे बसतो, आठवड्यातून किती दिवस येतो, हेही काउंटरवर विचारावं. विचारणारे वाढले की संस्था हलतात.

त्याचे वडील आले. शेतकरी माणूस, केळीच्या बागेतून थेट उठून आलेला. पहिलं वाक्य होतं, ‘आमच्या खानदानात असं कुणाला नाही झालं, मॅडम.’ दुसरं, ‘इथलं पाणी बाधलं असेल.’ मी त्यांच्याशी वाद घातला नाही. डॉक्टरांनी त्यांना साध्या शब्दांत सांगितलं की गोळ्यांचा गुण यायला दोनचार आठवडे लागतात, बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायच्या नाहीत, आणि याच्याशी बोलणंही उपचारातलंच आहे. वडिलांनी बराच वेळ टोपी हातात फिरवली. मग मुलाला विचारलं, ‘तुला शिकायचंय का घरी यायचंय? दोन्हीला माझी ना नाही.’ मुलगा त्यांच्यासमोर प्रथमच रडला. त्याने एक महिना घरी जायचं ठरवलं, एका विषयाची परीक्षा नंतर दिली. आता तो पुढच्या वर्षाला आहे. फाइलमध्ये खाडाखोड पुन्हा दिसते. काही आठवडे चांगले जातात, काही नाही, गोळ्या डॉक्टरांनी कमी करत आणल्या आहेत.

त्याच्या रूम पार्टनरबद्दल लिहायचं राहिलं. तो दीड-दोन महिने मित्राला उठवत होता, ओढून वर्गात आणत होता, रात्री जागून लक्ष ठेवत होता, आणि कुणालाही सांगत नव्हता, कारण मित्राने शपथ घातली होती. स्वतः त्याचं वजन उतरलं होतं. अशा मित्राला सगळे शाबासकी देतात आणि विसरतात. मी त्याला सांगितलं की हे ओझं एकट्याचं नव्हतं, आता ते डॉक्टरांकडे आहे, घरच्यांकडे आहे, माझ्याकडे आहे, आणि त्यालाही झोप येत नसेल तर समुपदेशकाचं दार त्याच्यासाठीही उघडं आहे. वडील मुलाला घेऊन गावी निघायच्या आधीचे दोन दिवस ते स्वतः खोलीवर थांबले, आणि पार्टनर तेवढे दिवस देवासला मावशीकडे राहायला गेला. परत आल्यावर आठवडाभराने तो मला प्रयोगशाळेत भेटायला आला. ‘मॅम, मी पण एकदा बोलून येऊ का त्यांच्याशी?’ म्हणाला. आम्ही लगेच खाली जाऊन समुपदेशकांची वेळ घेतली.